दारू एक, तोंडे अनेक

मराठीत 'दारू' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही अर्थांची दारू शासनाच्या नियंत्रणाखाली असते. पहिल्या दारूविषयी वृत्तपत्रांतून नित्य लिहिले जाते. हा लेख दुसरीविषयी आहे. जबलपुरात नोकरी करणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला खमरियाचा दारूगोळा कारखाना या शहराच्या अंगाखांद्यावर वाढले आहेत. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे येथील जुन्या मराठी घरांत कारखान्याची नोकरी ही पिढीजात गोष्ट आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी पत्रातून एक प्रश्न विचारला. निवृत्तीनंतर त्यांना नेमबाजीचा छंद जडला आहे. ते शिशाच्या गोळ्या घरी ओततात आणि वापरलेली काडतुसे पुन्हा भरतात. तिकडे हे कायदेशीर आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो. त्यांच्याजवळ एक पिस्तूल आणि एक जुनी रायफल आहे. दोन्हींना चालेल अशी एकच दारू कोणती, असा त्यांचा प्रश्न होता. "तुम्ही जबलपूरचे, तुम्हाला ठाऊक असणारच," अशी पुस्तीही होती. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. दारू मला कागदावरच भेटते. तरी प्रश्न निवडीचा होता, आणि निवड हा अर्थशास्त्राचा विषय आहे.

काडतुसातील दारूचा स्फोट होत नाही, ती जळते. ती किती वेगाने जळते यावर सारे अवलंबून असते. आखूड नळी आणि हलकी गोळी यांना झपाट्याने जळणारी दारू मानवते. लांब नळी आणि जड गोळी यांना सावकाश जळणारी. त्यातून ओतीव शिशाची गोळी नाजूक. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. कथील आणि अँटिमनी मिसळून ते कठीण केले तरी फार मोठ्या दाबाखाली गोळीचा आकार बिघडतो आणि नळीत शिशाचा थर बसतो. म्हणून थोड्या प्रमाणातही नीट पेट घेणारी, मध्यम स्वभावाची दारू लागते. अमेरिकेत 'युनिक' नावाची दारू शंभराहून अधिक वर्षे याच गुणासाठी विकली जाते. पिस्तूल, छऱ्याची बंदूक, रायफलीतील सौम्य भार, सर्वत्र ती चालते. सर्वोत्तम मात्र क्वचितच ठरते. दुसरे नाव '४८९५'. ही दारू गॅरंड या लष्करी रायफलीच्या काडतुसांत वापरली गेली. महायुद्ध संपल्यावर तिचा प्रचंड शिल्लक साठा ब्रूस हॉजडन या गृहस्थांनी विकत घेऊन हौशी नेमबाजांना स्वस्तात विकला. अनेकांची 'आवडती' दारू अशा रीतीने सरकारी गोदामातून ठरली. ग्राहकाची पसंती किमतीआधी जन्मते की किमतीनंतर, हा आमच्या विषयातील जुना वाद येथे एका डब्यात सापडतो.

परंतु 'युनिक'चा मला अधिक मोलाचा वाटलेला गुण वेगळाच आहे. ती वजनाच्या मानाने जागा अधिक व्यापते. घट्ट बसणाऱ्या शीघ्र दारूचा लहानसा भार काडतुसाच्या तळाशी दिसेनासा होतो. अनवधानाने दुसऱ्यांदा भरला तरी लक्षात येत नाही, आणि दुप्पट भाराने बंदूक हातात फुटू शकते. फुगीर दारू दोनदा भरली तर बहुधा काडतूस ओसंडते किंवा निदान काठोकाठ भरलेले दिसते. म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. मी स्नेह्यांना एवढेच कळवले की, भाराचे माप उत्पादकाच्या छापील तक्त्यावरूनच घ्यावे, आणि निवड करताना अचूकतेच्या आधी चूक दिसण्याचा विचार करावा. शासकीय योजनांनाही मी हीच कसोटी लावतो. चूक कोणाकडूनही होते. ती कागदाच्या तळाशी लपते की काठावर येते, हे योजनेच्या रचनेवर ठरते.

एकच दारू सर्वांना, हा प्रयोग ब्रिटिश साम्राज्याने फार मोठ्या प्रमाणावर केला. एबल आणि ड्यूअर यांनी १८८९ मध्ये सिद्ध केलेली कॉर्डाइट नीलगिरीतील अरुवनकाडू येथेही बनू लागली. मिश्रण एकच, फरक फक्त जाडीचा. .३०३ रायफलीसाठी दोऱ्यासारखे बारीक तंतू, युद्धनौकेच्या तोफेसाठी जाड कांड्या. जाड कांडी सावकाश जळते. तत्त्व केंद्राचे, जाडी जिल्ह्याची! योजना आखणाऱ्यांनी याचे मनन करावे.

पण या मिश्रणाला एक खोट होती. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरिन होते. ते इतके तप्त जळे की तोफांच्या नळ्या झिजत. बोअर युद्धानंतर हे प्रमाण ३० टक्क्यांवर आणले गेले. शक्ती घटली, म्हणून दारू जास्त लागू लागली; नळ्या मात्र टिकल्या. हिशेबाच्या दृष्टीने पाहा: दारूच्या शीर्षाखाली झालेली बचत तोफांच्या शीर्षाखाली खर्च होऊन बसली होती. दोन शीर्षांचे अधिकारी वेगळे असतील तर दोघांचेही अहवाल निर्दोष असतात आणि नुकसान तेवढे अनाथ राहते.

आता मोठ्या यंत्रणेचा विचार. हौशी माणसाचा वापर थोडा आणि गरजा अनेक. त्याला एकच डबा परवडतो. कारखान्याचे प्रमाण अफाट. त्याला प्रत्येक तोफेसाठी वेगळी दारू बनवणे परवडते. तरीही प्रत्येक नवा प्रकार म्हणजे वेगळी कोठी, वेगळी नोंदवही, वेगळी चाचणी. धूरविरहित दारू साठ्यात पडल्या पडल्या हळूहळू विघटित होत असते. तिच्यात स्थिरकारक मिसळतात आणि तो किती उरला हे ठरावीक काळाने तपासावे लागते. आपल्या उन्हाळ्यात ही तपासणी चुकवून चालत नाही. विविधतेचा खरा खर्च खरेदीच्या कागदावर दिसत नाही, तो देखरेखीत असतो.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात कंपन्या झाल्या. खमरिया पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली, गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या कंपनीकडे. दारूचे शीर्ष एकीकडे, तोफेचे दुसरीकडे. नव्या ताळेबंदांत कार्यक्षमता वाढेलही. कॉर्डाइटचा धडा मात्र आता अधिक जपावा लागेल. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा येथील कारखान्यातील स्फोटात आठ कामगार मृत्युमुखी पडले. भंडाऱ्याची बातमी आली की जबलपूरच्या वस्त्यांत घरोघरी फोन वाजतात, कारण प्रत्येक घरात कोणीतरी असेच काम करत असते किंवा करून गेलेले असते.

म्हणून कोणती दारू सर्वांत बहुगुणी, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. किती प्रमाणात, किती काळ साठवायची, आणि चूक झाल्यास तिची किंमत कोण मोजणार, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. पहिल्या दोहोंची उत्तरे निविदेत असतात. तिसऱ्याचे नसते, ते अधिकाऱ्याने स्वतः लिहावयाचे असते.