लाइट गेल्यावरचा हिशेब

बीड जिल्ह्यात कुठंही वाय-फाय बसवायला गेलं की पहिला प्रश्न रेंजचा. तिसऱ्या मजल्यावर पकडेल का, मेसपर्यंत येईल का? दुसरा पासवर्डचा. वापराच्या नोंदींबद्दल सहसा कुणी विचारत नाही, आणि माझा निम्मा जीव तिथंच अडकलेला असतो.

मुलींच्या वसतिगृहात सगळ्यांना एकच पासवर्ड दिला, तर तो बघता बघता शेजारच्या टपरीवर पोचतो. म्हणून प्रत्येकीचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. ॲक्सेस पॉइंट स्वतः कुणाला ओळखत नाही. तो नाव-पासवर्ड तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरला विचारतो, १८१२ पोर्टवर. होकार आला की १८१३ वर नोंदी सुरू होतात: ही आत आली, इतका डेटा वापरला, ही बाहेर पडली. ही पद्धत मुळात डायल-अपच्या काळातली. तिचे आज चालणारे नियम २००० साली ठरले.

पण आमच्याकडं लाइट सांगून जात नाही. ॲक्सेस पॉइंट जागीच बंद पडतो, ‘बाहेर पडली’ हा निरोप निघतच नाही. सर्व्हरच्या लेखी मुलगी अजून ऑनलाइनच. एका नावावर एकच फोन असा नियम असेल, तर लाइट आल्यावर सर्व्हर तिलाच अडवतो. अंबाजोगाईच्या एका वसतिगृहातून संध्याकाळी फोन आला होता, “दादा, पासवर्ड बरोबर हाय, तरी घेईना.” तक्ता उघडला. सुरुवातीची वेळ दुपारची, शेवटचा रकाना रिकामा. आणि खाली तसल्याच रिकाम्या रकान्यांची रांग.

म्हणून मी ॲक्सेस पॉइंटला दर दहा मिनिटांनी मधली नोंद पाठवायला लावतो. सलग तीन नोंदी चुकल्या की सर्व्हरनं सत्र बंद करायचं, पण वेळ धरायची ती शेवटच्या नोंदीची. बंद करतानाची धरली, तर अंधारात बसलेल्या मुलीच्या नावावर नेटचे तास चढतात. यातल्या कित्येकींचे आईवडील ऊसतोडीला जातात. न केलेल्या खर्चाचा आकडा मुकादमाच्या वहीत आपल्या नावावर दिसला की घरात काय होतं, हे या मुलींना वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या तक्त्यात तसं व्हायला नको.

बऱ्याच ॲक्सेस पॉइंटमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. बंद पडून उठले की काही थेट १९७० सालात असतात. त्यामुळं वेळ सर्व्हरचीच. आणि डेटा मोजणारा मूळ रकाना ३२ बिटांचा आहे, चार जीबी झाले की तो शून्यावर येतो. पुढचे फेरे गिगावर्ड्स नावाच्या दुसऱ्या रकान्यात जातात. तो न वाचणारं सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त वापरणाऱ्यालाच सोडून देतं.

वॉर्डन मॅडम हमखास विचारतात, “मुली काय बघतात तेही कळेल ना?” या नोंदींतून कोण, कधी, किती आणि कुठल्या ॲक्सेस पॉइंटवरून, एवढंच कळतं. काय बघितलं, हे जोडून द्यायला मी नकार देतो. नोंदी किती दिवस ठेवायच्या आणि कुणाला दिसतील, हे मात्र लेखी मागतो. त्या कागदावर सही झाली की सर्व्हरवर शेअर्ड सीक्रेट, म्हणजे सर्व्हर आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यातला गुप्त शब्द, टाकायला बसतो, प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला वेगळं आणि लांबलचक. २०२४ साली रेडियसमधला ब्लास्ट-रेडियस हा दोष उघडा पडल्यापासून, निरोपात फेरफार झाला नाही ना हे तपासणारा मेसेज-ऑथेंटिकेटरही सक्तीचा करतो.