गेरूतला मंगळ

रेझिन प्रिंटर माझ्या भाच्याचा. त्याच्या घरी वासावरून वाद झाले आणि यंत्राची रवानगी मावशीच्या गॅलरीत झाली. आता तो फायली पाठवतो, मी छापते आणि शिपाई आम्ही वाटून घेतो. खेळतो ‘स्टारग्रेव्ह’. जोसेफ मॅककलोचा हा खेळ ऑस्प्रेने २०२१ मध्ये काढला. एक कॅप्टन, एक फर्स्ट मेट, आठपर्यंत शिपाई, वीस बाजूंचा फासा आणि उद्ध्वस्त आकाशगंगेतली लूटमार. ‘वॉरहॅमर ४०,०००’सारखी अख्खी फौज रंगवत बसावं लागत नाही. मूर्ती अमुकच कंपनीच्या हव्यात अशी अटही नाही, त्यामुळे घरी छापलेल्या बिनदिक्कत चालतात.

छपाईचं कौतुक लवकर ओसरतं. खालून ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश येतो, टाकीतलं रेझिन ०.०५ मिलिमीटरच्या थराथरानं घट्ट होत जातं आणि काही तासांनी प्लेटला उलटे लोंबकळणारे शिपाई वर येतात. खरी कटकट पुढे. नायट्राइलचे हातमोजे चढवून त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायचं, मग कोमट पाण्यात बुडवायचं, म्हणजे आधाराच्या काड्या अलगद सुटतात. हे ऊन दाखवायच्या आधीच उरकायचं. कडक झाल्यावर ओढली तर काडी अंगाचा टवका घेऊनच निघते. नंतर गॅलरीतलं ऊन. त्यासाठी अतिनील दिव्याची पेटी मिळते, पण पुण्यात एप्रिल असताना ती कशाला विकत घ्यायची? धुतलेलं अल्कोहोल मोरीत ओतायचं नाही, हा माझा घरातला एकमेव कडक नियम. झाकणाच्या बरणीत ते उजेडात ठेवलं की विरघळलेलं रेझिन घट्ट होऊन तळाशी बसतं, आणि वरचं गाळून परत वापरता येतं.

प्रायमर मी ब्रशनेच लावते. स्प्रे झटपट होतो हे खरं, पण जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की तो दाणेदार, पांढुरका बसतो आणि बारीक नक्षी बुजते. रंग पाण्याने पातळ करून दोन हात द्यायचे. ओल्या टिश्यूवर बटर पेपर अंथरला की झाली पॅलेट, रंग तासन् तास वाळत नाहीत.

अंतराळातल्या शिपायांचा एक फायदा म्हणजे हेल्मेट. इतक्या लहान चेहऱ्यावर डोळे काढणं ही शिक्षाच असते. त्याऐवजी काच रंगवायची. वरचा कोपरा जवळजवळ काळा, खाली येताना निळा, अगदी खालच्या कडेला फिकट आकाशी. मग वरच्या काळ्या भागात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. ठिपका पडेपर्यंत ते नुसते रंगाचे पट्टे असतात, पडला की काच चकाकते. हेल्मेटच्या गोलाईवर मात्र ड्रायब्रश फिरवू नये. छपाईचे थर डोळ्यांना दिसत नसले तरी कोरडा ब्रश त्यांची एकेक रेघ वर काढतो.

एवढं सगळं करून लोक पायाखालच्या चकतीला हिरवा रंग फासून मोकळे होतात, हे मला पटत नाही. शिपायाची फाइल कुणी परक्याने घडवलेली असते, तोच शिपाई जगभर शेकडो टेबलांवर उभा असणार. तो कुठे उभा आहे, एवढंच माझ्या हातात असतं. छापलेले तयार बेसही मिळतात, पण ते मी टाळते.

माझे शिपाई मंगळावर आहेत. चकतीवर फेविकॉल पसरायचा, त्यावर आधी बांधकामावरची बारीक कच, मग जाडी रांगोळी, शेवटी चाळलेली माती. दाणे लहानमोठेच हवेत. या मापात एक मिलिमीटरचा खडा म्हणजे शिपायाच्या मानाने सहाएक सेंटिमीटरचा दगड, म्हणून एकसारखे दाणे टाकले की जमीन खोटी वाटते. वर गडद तपकिरी रंग, उंचवट्यांवर फिकट नारिंगीचा ड्रायब्रश आणि मग गेरू. मंगळ लाल दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि गेरूतही तेच असतं. परदेशी रंगद्रव्याची इवलीशी बाटली मागवण्यापेक्षा वाण्याकडची पुडी बरी.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या.

“कोरडाच लावतेस? हात लागला की निघेल गं. आम्ही वृंदावनाला लावायचो तेव्हा त्यात खळ घालायचो. तू थोडा फेविकॉल घाल.”

“आई, पण धूळ कोरडीच दिसायला हवी ना.”

“मग अगदी पाणीदार कर. वाळला की दिसतो कोरडाच.”

आणि दिसतो. तोच पातळ गेरू मी बुटांवर, नडगीवर, गुडघ्यापर्यंत टिपते, वर जाताना कमी कमी करत. त्याआधी शिपाई चकतीवर चिकटवलेला असतो, त्यानंतर तो तिथून चालत आल्यासारखा वाटतो. चिलखत मी मळकट निळं ठेवलंय, लाल जमिनीवर ते उठून दिसतं. लाल चिलखत घेतलं असतं तर तीन फुटांवरून नुसता ढिगारा दिसला असता, आणि खेळताना आपण तेवढ्या अंतरावरूनच बघत असतो.

भाच्याची टोळी बर्फाळ ग्रहावरची. त्याने पांढरी रांगोळी तशीच चिकटवून वर किंचित निळी छटा दिली आहे. दोघांची लढाई माझ्या जेवणाच्या टेबलावर, खाकी चादरीवर होते, तेव्हा मंगळ आणि बर्फ दोन्ही बाजूला राहतात आणि भांडण उरतं ते कडेचं. बेसची कड काळीच हवी, चित्राच्या चौकटीसारखी, असं माझं म्हणणं. तो म्हणतो, कड जमिनीच्याच रंगाची हवी. त्याची टोळी परवा आमच्याकडेच राहिली होती. कडा अजून पांढऱ्याच आहेत, पण काळ्या रंगाची बाटली मी कपाटातून काढून ठेवली आहे.