जव, हिंग आणि मंगळवेढ्याची ज्वारी

गहू नसला की भाचीला चालतं, असं मी धरून चालले होते. पुढच्या बहुतेक चुका या एका समजुतीच्या पोटातून निघाल्या.

भाची पुण्याची. उन्हाळ्यात नोएडाला प्रशिक्षणासाठी आली आणि इंदिरापुरमला आमच्याकडे राहिली. तिला सिलिअॅक आहे. आधी रक्ताची टीटीजी तपासणी, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा तपासायला, असं रीतसर झालेलं निदान. ‘हे डाएटचं खूळ नाहीये गं, तिच्या पोटात गव्हाचा कणही जाता कामा नये,’ असं बहिणीने फोनवर बजावलं होतं. मी हो हो म्हटलं आणि कणकेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. झाली माझी तयारी!

खरं तर इतकी वर्षं दिल्लीच्या आसपास राहून मला हा आजार नीट ठाऊक असायला हवा होता. हा गहू खाणारा मुलूख. ‘एम्स’चे डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच एनसीआरच्या वस्त्यांमध्ये जाऊन पाहणी केली होती. २०११ साली ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात साधारण शंभरात एकाला सिलिअॅक आढळला. म्हणजे आमच्या सोसायटीतही असे काहीजण असणारच. बहुतेकांना स्वतःलाच ते माहीत नसेल.

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो, लू सुटते, आणि दुपारी गरम आमटी-भाताकडे बघवत नाही. म्हणून धान्याचं गार सॅलड करावं असं मनात आलं. उत्तरेत उन्हाळ्यात जवाचं सातू थंड म्हणून पितात, तेव्हा जवच घ्यावेत. छान टपोरे शिजवले, त्यात इथली लांब सडपातळ ककडी, पुदिना, कैरीचा कीस, भाजलेलं जिरं घातलं. दिसायला देखणं झालं. भाचीने चमचा उचलला, वाडग्यात निरखून बघितलं आणि विचारलं, ‘मावशी, हे जव आहेत का?’

‘हो. गहू अजिबात नाही.’

तिने चमचा खाली ठेवला. सिलिअॅकमध्ये बाधणारं ग्लूटेन गव्हात असतं तसं जवात आणि राय या धान्यातही असतं, हे तिने मला समजावलं, तेही न चिडता. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते सॅलड आम्ही दोघा नवराबायकोने दोन वेळा खाल्लं.

मग मी वाचायला बसले. गव्हाचा आणि या दुखण्याचा संबंध पक्का केला तो नेदरलँड्सच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुलं उपाशी दिवसांतही सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा बिघडली. डिकेचा प्रबंध १९५०चा. एवढं जुनं ज्ञान माझ्या स्वयंपाकघरात पोचायला इतकी वर्षं लागावीत?

पुढचा प्रयोग वरीचा. त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. उपासाच्या भगरीला घालते तेवढं तिप्पट पाणी घातलं आणि लगदा झाला. वरी आधी कोरडी भाजून, दुप्पट पाण्यात शिजवून, झाकण ठेवून तशीच मुरू द्यायची आणि मग काट्याने मोकळी करायची, हे नंतर कळलं. तशी ती बरी होते, पण चावायला तिच्यात काही नसतं.

खरा घोटाळा हिंगाने केला. दह्यातल्या काकडीवर मी नेहमीसारखी हिंग-जिऱ्याची फोडणी घातली. त्या रात्री भाचीचं पोट फुगलं, मग जुलाब, दोन दिवस अंगात त्राण नाही. जेवणातला एकेक जिन्नस तपासत शेवटी हिंगाच्या डबीवर आले. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: गव्हाचं पीठ. बाजारातला बांधणीचा हिंग म्हणजे थोडा अस्सल हिंग आणि बाकी डिंक व पीठ, आणि ते पीठ बहुधा गव्हाचंच. आयुष्यभर चिमटीने टाकत आले, आत काय आहे हे कधी विचारलं नाही. तिला बाधला तो हिंगच की आणखी काही, हे शपथेवर सांगता येणार नाही. पण तेव्हापासून आमच्या घरात हिंग नाही. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. माझी चिमूट त्या हिशेबात कुठे बसणार!

आणि एवढं सगळं होईपर्यंत बहिणीने भाचीबरोबर पाठवलेली मंगळवेढ्याची ज्वारी माळ्यावर पडून होती. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली, टपोरी, पांढरीशुभ्र. मी ती भाकरीसाठी दळायला ठेवली होती. अख्खी ज्वारी शिजवून खायची हे मला सुचलंच नाही, आणि सुचलं तेव्हा म्हटलं, मटकीसारखे मोड आणू. पौष्टिक होईल! फडक्यात बांधली, कोंब फुटले, आणि कौतुकाने गावाकडे मामाला फोन लावला.

‘खुळी का काय तू?’ मामा म्हणाला. ‘कोवळ्या ज्वारीनं जनावराला किराळ लागते, ठाऊक नाही होय?’

ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड तयार होतं. म्हणून तर पीक कोवळं असताना शेतकरी गुरांना त्यात सोडत नाही. ज्वारीला मोड आणून पीठ करण्याची पद्धत आहे, पण तिथे धान्य वाळवून कोंब चोळून काढून टाकतात. मी मात्र ते वाफवून वाडग्यात घालणार होते. सगळं टाकून दिलं.

मग नुसती भिजत घातली, ओट्यावर. सकाळी पाण्यावर फेस आणि आंबूस वास. दिल्लीच्या जूनमध्ये रात्रही उकडलेलीच असते. धान्य फ्रिजमध्ये भिजवावं लागतं. नंतर ती नेमकी शिजवली, गरम असताना छान लागली, आणि फ्रिजमधून काढली तर छर्रे! धान्य गार झालं की आवळतं, म्हणून गरम असताना थोडं जास्तच मऊ वाटेल इतकं शिजवायला हवं.

आता जमतं ते असं. निवडून, धुऊन फ्रिजमध्ये रात्रभर भिजवलेली ज्वारी, तिप्पट पाणी, मीठ. एक शिट्टी झाली की आच मंद करून अर्धा तास. पाणी निथळून ताटात पसरायची आणि निवताच फ्रिजमध्ये, कारण या उन्हात शिजलेलं धान्य बाहेर विसरणं म्हणजे आजाराला आवतण. ज्वारी कोमट असतानाच तिला लिंबू आणि मीठ लावून घेते. काकडी, कांदा, कैरी, दाण्याचं कूट, भरपूर कोथिंबीर-पुदिना ऐन वेळी. काकडीला आधी मीठ लावलं तर वाडग्यात तळं साचतं, हेही करून बघितलेलं आहे. वरून जिरं-मिरचीची फोडणी. थोडक्यात कोशिंबीरच, फक्त पोटभरीची. दुकानातल्या परदेशी किनोआच्या किमतीत यातली पातेलंभर होईल, आणि चवीलाही मला हीच सरस वाटते. भाची तिच्या डब्यात नेते. लू लागू नये म्हणून शेजारच्या हरियाणवी काकू ताकातली बाजरीची राबडी पाठवतात, तीही तिला चालते. मात्र बाजरी कुठल्या चक्कीवर दळली ते आधी विचारावं लागतं. गव्हामागोमाग दळलेलं पीठ तिच्या उपयोगाचं नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा काकू जरा दुखावल्या. आता स्वतःच घरच्या मिक्सरवर काढतात.