घोडा आणि स्वार

मी जेमतेम मॅट्रिक. ‘कॉलेजची पायरी न चढलेला माणूस पोरांना काय शिकवणार?’ असे एकदा शिक्षकांच्या खोलीत कानांवर आले आणि हातातला चहा कडू लागला. तेव्हा मला अरिगो साक्की आठवले. पूर्वी बापाच्या कारखान्यातले बूट विकणारे हे गृहस्थ १९८७ साली मिलान संघाचे प्रशिक्षक झाले. स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेले नव्हते. लोकांनी नाके मुरडली. ते म्हणाले, घोडेस्वार व्हायला आधी घोडा असावे लागते, हे मला ठाऊक नव्हते! चेंडूशिवाय अकराजणांना एकदम पुढेमागे सरकायचा सराव त्यांनी दिला. १९८८ साली मिलानने इटलीचे अजिंक्यपद जिंकले. १९८९ आणि १९९० साली युरोपचे. मी चहा संपवला, खडू उचलला आणि वर्गात शिरलो, तो मागच्या बाकावरून आवाज आला, ‘गुरुजी, कालची गोष्ट पुढे सांगा ना!’