मुलांचा पलंग घेताना आधी वर पाहा!

मैत्रिणींनो, ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आपल्या ब्लॉकमध्ये ‘मुलांची खोली’ म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. १० बाय ९ ची खोली, त्यात कपाट, अभ्यासाचं टेबल, एका कोपऱ्यात शिवणाचं मशीन, आणि त्यातच दोन मुलं मावायची! मग कुणीतरी सुचवतं, “अहो, डबलडेकर घ्या की! एका पलंगाच्या जागेत दोघं झोपतील.” मुलं तर लगेच उड्याच मारतात. आगगाडीतला वरचा बर्थ घरातच मिळतोय म्हटल्यावर कुणाला नको असेल?

पण होकार देण्यापूर्वी जरा मान वर करून पाहा. काय दिसतं? पंखा!

थोडं गणित करू या. आपल्या खोल्यांची उंची बहुधा ९ फुटांच्या आसपास असते. पंखा छतापासून फूटभर खाली, म्हणजे पाती जमिनीपासून ८ फुटांवर. डबलडेकरचा वरचा पलंग ५ फुटांवर धरा आणि त्यावर ४ इंचांची गादी. ८ वर्षांचं मूल साधारण ४ फूट उंच असतं. म्हणजे ते वर उभं राहिलं, तर डोकं थेट छताला! आणि उभं राहायलाच हवं असंही नाही. बसल्या बसल्या सदरा काढायला हात वर केले, तरी बोटं पात्यांच्या उंचीला पोचतात.

तुम्ही म्हणाल, पलंग भिंतीला लावू, पंखा तर मधोमध असतो. तेही मोजू या. ९ फुटांच्या मध्यावर, म्हणजे भिंतीपासून साडेचार फुटांवर पंख्याचा दांडा. ४८ इंची पंख्याची पाती दोन्ही बाजूंना २-२ फूट फिरतात. म्हणजे ती भिंतीपासून अडीच फुटांवर येतात, आणि पलंग तर ३ फूट रुंद! अर्धा फूट पाती पलंगावरच फिरणार. बरं, मे महिन्यात पंखा बंद ठेवून मुलं झोपतील का?

डबलडेकर घ्यायचाच असेल, तर छताचा पंखा आधी काढून टाका आणि भिंतीवर, पलंगापासून दूर, जाळीचा पंखा बसवा. शिवाय अमेरिकेत १९९९ साली झालेला नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वरच्या पलंगाचा कठडा गादीच्या वर निदान ५ इंच यायला हवा, कठड्याच्या फटीतून मुलाचं अंग निसटेल एवढी जागा नको, आणि ६ वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, अशी सूचना पलंगावरच लावावी लागते. जाड गादी घातली की कठडा आपोआप बुटका होतो, हे मात्र दुकानात कुणी सांगत नाही हं!

मला विचाराल तर आपल्या खोल्यांना खालून ओढून काढायची कॉट बरी. दिवसा एक पलंग, रात्री दोन. ३ आणि ३ मिळून ६ फूट गेले, तरी रात्री उठून जायला वाट उरते. पंख्याची भीती नाही, आणि झोपेत पडलं तरी मूल फूटभरच पडतं. चाकं भक्कम आणि अडकवून ठेवता येणारी घ्या. लाकूड पावसाळ्यात फुगतं, तेव्हा खालच्या कॉटला दोन्ही बाजूंनी थोडी जागा सोडायला सुताराला आधीच सांगा.

खरेदीला आपल्या भागातल्या कितीतरी जणी उल्हासनगरचा फर्निचर बाजार गाठतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जिथे वसवलं, त्या कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. तिथे जाताना पर्समध्ये चार मापं लिहून न्या : खोलीची लांबी-रुंदी, जमिनीपासून पंख्याच्या पात्यापर्यंतची उंची, दार पूर्ण उघडल्यावर उरणारी जागा आणि जिन्याच्या वळणाची रुंदी. नाहीतर पलंग खालीच राहायचा!

आणि एक. ओढायची कॉट आली, की “ताई मोठी आहे, ती समजून घेते,” असं म्हणत खालची जागा कायमची मुलीच्या वाट्याला जाते. धाकटा चार-पाच वर्षांचा असेपर्यंत त्यालाच खाली झोपू द्या. त्याला तेच बरं. पुढे आठवड्याआड पाळी लावा. पलंग दोघांचा म्हणून आणलाय ना? मग तो दोघांचाच असू द्या.