मस्टरबाहेरची माणसं

प्रकल्पाच्या शेवटी ‘संदर्भ : इंटरनेट’ एवढंच दिसलं की मी वही परत करतो. पत्ता विचारल्यावर नुसतं ‘मुंबई’ सांगण्यातला हा प्रकार.

यंदा नववीच्या एका गटाने मुंबई गोदीचा स्फोट घेतला. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज. एकाच जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी; दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सगळं मिळेल, असा मुलांचा हिशेब. पण ते युद्धाचे दिवस, सेन्सॉरची कात्री. बातमीदारांना सविस्तर मजकूर बाहेर धाडायला मे उजाडला. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी बातमी दिली होती. म्हणून अशा नोंदीत तारखेशेजारी मी आणखी एक गोष्ट लिहायला लावतो : लगाम कोणाच्या हाती होता.

खरी अडचण आली मृतांच्या आकड्याला. एका पुस्तकात ८००, दुसऱ्यात १३००. मुलांनी सरासरी काढली! मी ती खोडायला लावली. दोन्ही आकडे ठेवा, कोणता कुठून घेतला ते पानासकट लिहा. बंबवाल्यांचा आकडा मात्र ठाम सापडतो, ६६. असं का, हा प्रश्न एका मुलीने विचारला, आणि माझ्या मते प्रकल्पाचा जीव तिथेच होता. बंबवाला नोकरीत, त्याचं नाव मस्टरवर. गोदीतला हमाल टोळीवाल्यामार्फत रोजावर आलेला. मांडवीच्या चाळीत कोण पाहुणा उतरला होता, हे तर शेजाऱ्यालाच ठाऊक. मेल्यावर त्यांना मोजायचं कोणत्या यादीवरून? मुलीने हे तळटिपेत घातलं. मी ते वर, मजकुरात आणायला सांगितलं.

एकाचे पणजोबा मस्जिद बंदरला राहायचे. त्यांची आठवण घरात अजून सांगतात. तीही चालते, पण त्यांचं तेव्हाचं वय, घर नेमकं कुठे, आठवण कोणाच्या तोंडून ऐकली, कधी टिपली, हे सगळं हवं. त्या आठवणीत गल्लीत पडलेली सोन्याची वीट होतीच. जहाजावर सोनं होतं, ते उडून शहरात पडलं, हे पुस्तकांत आहे. ते ह्याच गल्लीत पडलं, याला दुसरा आधार मिळेना. तिथे ‘ऐकीव’ लिहिलं, तर पोरगा हिरमुसला. म्हणाला, “सर, आजी खोटं नाही बोलत.” तेही लिही म्हटलं.