भाताला तोंडीलावणे

भाताबरोबर काय खावे आणि काय खाऊ नये, याविषयीची माणसांची मते मोठी चिवट असतात. जपानसारख्या शिस्तप्रिय देशातही हा वाद मिटलेला नाही. ओसाका आणि कोबे या पश्चिमेकडील शहरांत 'ओकोनोमियाकी' हा पदार्थ फार आवडीचा. गव्हाच्या पिठात चिरलेला कोबी व अंडे कालवून तव्यावर भाजलेले हे जाडसर धिरडे. वर गोडसर-आंबट दाट सॉस. ओसाकाकर ते वाटीभर भाताबरोबर जेवतो आणि खानावळीत तशी थाळीच मिळते. टोकियोकराला मात्र याचे हसू येते. पिठाबरोबर पुन्हा भात?

गंमत अशी की, हाच टोकियोकर रामेन या गव्हाच्या शेवयांच्या सुपाबरोबर परतलेला भात निःशंकपणे मागवतो. दक्षिणेकडील फुकुओकात उदोन या जाड शेवयांच्या जोडीला कोंबडीचे मांस घातलेल्या भाताचे मुटके असतात. बटाट्याचे कटलेट आणि भात तर साऱ्या देशालाच चालतात. ज्याची त्याची जोडी त्याला स्वाभाविक वाटते. विचित्र असते ती शेजाऱ्याची. सेमिनरीच्या भोजनगृहात भातखाऊ आणि भाकरीखाऊ सोबत्यांची जी थट्टामस्करी चाले, तिची आम्हांस येथे आठवण होते.

या चालीमागील विचार सरळ आहे. जपानी भाषेत 'गोहान' म्हणजे शिजवलेला भात आणि 'गोहान' म्हणजेच जेवण. भात बिनमिठाचा; त्याला चव आणणारे जे काही ते 'ओकाझू', आपल्या भाषेत तोंडीलावणे. मग ते मासळी असो, लोणचे असो वा सॉस लावलेले पिठाचे धिरडे. ओसाकाकर एका धान्याला दुसरे धान्य जोडीत नाही. तो भाताला चव जोडतो.

कोबेच्या नागाता भागातील 'सोबामेशी' ही त्याची सर्वांत बोलकी खूण. नागाता म्हणजे पादत्राणांच्या लहान लहान कारखान्यांची कामगारवस्ती. तेथे सांगतात की, कामगार डब्यातला गार भात तव्यावर ऊन करून मागत, आणि तो तेथेच शिजणाऱ्या शेवयांत मिसळून परतला जाऊ लागला. ज्याला कोणी अतिरेक म्हणेल, तो खरे तर दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या पोटाचा हिशेब होता.

हाच नागाता भाग १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत होरपळला. या भूकंपाने ६,४०० हून अधिक बळी घेतले. तेथील ताकातोरी चर्च भस्मसात झाले. प्रभू ख्रिस्ताचा पुतळा मात्र उभा राहिला. जपानी भाविक आणि व्हिएतनामी निर्वासित कुटुंबे यांचे ते चर्च. त्याच्या आवारातून मदतकार्य उभे राहिले, आणि वास्तुकार शिगेरू बान यांच्या आराखड्यानुसार स्वयंसेवकांनी तेथे कागदी नळ्यांचे सभागृह बांधले. अशा दिवसांत कोणी कोणाच्या ताटातील जोडीला हसत नाही.

जपानच्या ख्रिस्ती भाविकांना भात आणि गहू यांचे साहचर्य आणखी एका अर्थाने परिचित आहे. गोव्याहून निघालेले संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे उतरले. पुढे पोर्तुगीजांच्या संपर्कातून जपानी भाषेत 'पान' हा शब्द रुजला. आपला 'पाव' त्याच पोर्तुगीज शब्दाचा भाऊ. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे मिस्साबलिदानाची भाकर निव्वळ गव्हाचीच असावी लागते. म्हणजे जपानी ख्रिस्ती माणूस वेदीपाशी गहू ग्रहण करतो आणि घरी येऊन भात जेवतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण 'भाकर' मागतो; जपानी कॅथलिक 'काते' मागतात, म्हणजे जगण्यापुरते अन्न. शब्द निराळे, हात पसरलेला एकच.

रोममधील ख्रिस्ती मंडळीत खाण्यावरून तट पडले, तेव्हा संत पौलाने त्यांना बजावले की, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. आपल्या लग्नाच्या पंगतीत आणि सणाच्या जेवणात, एखाद्याने भातावर भात वाढून घेतला किंवा पावाबरोबर भात मागितला, की आपल्या भुवया उंचावतात. वाढणाऱ्याने तेवढ्या वेळात ताटाकडे नव्हे, तर जेवणाऱ्याच्या हातांवरील घट्ट्यांकडे पाहावे, आणि डाव आणखी एकदा भरावा.